हाडाच्या भरणीतील ‘नैसर्गिक जंतुरोधक’ : कायटोसानचा लेप असलेल्या दाण्यांचे परीक्षण

हाडातील पोकळी भरण्यासाठी मिळणाऱ्या कृत्रिम दाण्यांच्या बाटल्यांवर अलीकडे ‘नैसर्गिक जंतुरोधक घटकासह’ असे शब्द दिसू लागले आहेत, आणि तालुक्याच्या गावी अस्थिरुग्णालय चालवणाऱ्या डॉक्टरला त्या शब्दांचा मोह पडावा अशीच आमच्याकडची परिस्थिती आहे. यवतमाळ जिल्ह्याच्या या भागात रोही (नीलगाय) किंवा रानडुक्कर आडवे आल्याने दुचाकीवरून पडलेला, नाहीतर ट्रॅक्टरखाली पाय सापडलेला शेतकरी आमच्याकडे पोहोचतो तेव्हा नडगीचे हाड अनेकदा कातडी फाडून बाहेर आलेले असते, जखमेत वावरातली काळी माती बसलेली असते आणि प्रतिजैविकाचे पहिले इंजेक्शन मिळण्यापूर्वीच मोलाचे तास निघून गेलेले असतात. अशा हाडात पुढे पू झाला तर जखम वर्षानुवर्षे वाहत राहते, घरातला कमावता माणूस खाटेवर पडतो आणि पेरणी दुसऱ्याच्या हाती जाते. त्यामुळे हाड भरणारी वस्तूच जंतूंनाही रोखत असेल, तर ती हवीशी वाटणारच. अशाच एका उत्पादनाचे, म्हणजे कायटोसान या कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणाऱ्या पदार्थाचा लेप दिलेल्या कॅल्शियम फॉस्फेटच्या दाण्यांचे, हे परीक्षण आहे.

उत्पादनाचे आणि कंपनीचे नाव मी येथे देणार नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत २००९ मध्ये जी भर घातली गेली, तिच्यानुसार डॉक्टरने कोणत्याही औषधाची किंवा उत्पादनाची जाहीर भलामण करू नये; तो नियम मला मनापासून पटतो. शिवाय पुढे जे लिहिले आहे ते एका बाटलीपेक्षा या सगळ्या प्रकारच्या उत्पादनांना लागू पडणारे आहे. परीक्षणातल्या बाटल्या आमच्या रुग्णालयाने विकत घेतल्या होत्या. नमुना म्हणून काहीही स्वीकारलेले नाही.

मूळ दाणे नेहमीच्याच घडणीचे आहेत : साठ टक्के हायड्रॉक्सिअ‍ॅपाटाइट आणि चाळीस टक्के बीटा ट्रायकॅल्शियम फॉस्फेट. पहिला घटक आपल्या हाडातल्या खनिजाशी जवळचा असून फार सावकाश विरघळतो, दुसरा काही महिन्यांत विरघळून नव्या हाडाला जागा करून देतो, आणि या दोहोंच्या मिश्रणामुळे पोकळीला आधारही मिळतो व हाडाला आत शिरायला वावही मिळतो. दाण्यांतील छिद्रे एकमेकांना जोडलेली असणे आणि त्यांचा आकार शंभर मायक्रोमीटरपेक्षा, शक्यतो तीनशेपेक्षा, मोठा असणे महत्त्वाचे असते, कारण त्याहून बारीक छिद्रांत रक्तवाहिन्यांना शिरकाव करता येत नाही आणि रक्ताशिवाय हाड धरत नाही. या बाबतीत उत्पादनाविषयी माझी काही तक्रार नाही. माहितीपत्रकात छिद्रांची मापे स्पष्ट दिलेली आहेत.

हाताळणीच्या बाबतीत तर हे दाणे साध्या दाण्यांपेक्षा निश्चितच उजवे आहेत. साधे दाणे कोरडे असतील तर चमच्यातून सांडतात, आणि पोकळीत टाकल्यावर थोडासा रक्तस्राव झाला तरी वर तरंगून येतात. मदतनिसाने सक्शनची नळी जरा जवळ नेली की महागामोलाचा माल नळीतून बरणीत जातो. लेप असलेले दाणे वाटीत काढून त्यांवर रुग्णाचेच थोडे रक्त टाकले की दोन-तीन मिनिटांत लेप फुगतो, दाणे एकमेकांना चिकटतात आणि त्यांचा ओलसर, लालसर गोळा तयार होतो. तो चिमट्याने उचलता येतो, पोकळीच्या कोपऱ्यात दाबता येतो आणि दाबलेल्या जागी राहतो. सलाइनमध्ये भिजवल्यास हीच पकड बरीच कमी मिळते, त्यामुळे पत्रकात दोन्ही पर्याय दिलेले असले तरी रक्तच वापरावे असे माझे मत आहे. कायटोसान रक्त गोठण्यास मदत करते, हे रक्तस्राव थांबवणाऱ्या पट्ट्यांच्या निमित्ताने आता सर्वांना ठाऊक आहे. भरणीच्या वेळी त्याचा हा गुण प्रत्यक्ष हाताला जाणवतो. माझ्या दृष्टीने या उत्पादनाचा खरा फायदा हाच आहे. बाटलीवर मात्र मोठ्या अक्षरात दुसराच फायदा छापलेला आहे.

तो दुसरा फायदा तपासण्यासाठी कायटोसान काम कसे करते हे पाहावे लागते. कोळंबी आणि खेकड्यांच्या कवचात कायटिन नावाचा पदार्थ असतो. त्यावर अल्कलीची प्रक्रिया करून त्यातील अ‍ॅसिटिल गट काढले की कायटोसान मिळते, आणि त्याच्या साखळीवर अमिनो गट मोकळे होतात. आम्लधर्मी वातावरणात या गटांवर धन प्रभार येतो. जंतूंच्या बाह्य आवरणावर ऋण प्रभार असतो. साखळी आवरणाला चिकटते, आवरण गळू लागते आणि जंतू मरतो किंवा निदान वाढायचा थांबतो. येथवर सगळे ठीक आहे. अडचण अशी की हा प्रभार साधारण साडेसहाच्या सामूपर्यंतच (पीएच) जोरात असतो आणि निरोगी शरीरातला सामू ७.४ असतो, म्हणजे भरणी ज्या वातावरणात पडते तेथे या पदार्थाची धार बोथट झालेली असते. पू झालेल्या जागी सामू खाली उतरतो आणि तेथे कायटोसान अधिक प्रभावी ठरावे असा युक्तिवाद केला जातो, तो अगदीच निराधार नाही. परंतु त्याच जागी जंतूंनी मेलेल्या हाडावर चिकट थर जमवलेला असतो, आणि त्या थरातील जंतू मारण्यासाठी मोकळ्या जंतूंच्या मानाने शेकडो पटींनी अधिक मात्रा लागू शकते. हाडाच्या संसर्गात सर्वाधिक आढळणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस तर हाडाच्या सूक्ष्म नलिकांतही शिरून बसतो. दाण्याला चिकटून बसलेला लेप त्या नलिकेपर्यंत पोहोचू शकत नाही.

पत्रकाच्या मधल्या पानावर काचेच्या बशीचे एक छायाचित्र आहे. जंतूंच्या पिवळसर थराच्या मध्ये लेपाची चकती ठेवली असून तिच्याभोवती रुंद स्वच्छ वर्तुळ दिसते. छायाचित्र आकर्षक आहे, पण ज्याला कायटोसानची थोडी ओळख आहे त्याने त्यापाशी थांबावे. कायटोसानची साखळी लांब आणि जड असते, त्यामुळे ती बशीतल्या जेलीतून फारशी पसरत नाही. कायटोसान जंतू मारते ते मुख्यतः स्पर्शाने. मग चकतीपासून इतक्या दूरवर जंतू कशाने थांबले? कायटोसान विरघळवण्यासाठी बहुधा अ‍ॅसेटिक आम्ल वापरतात, आणि ते आम्ल नीट धुऊन काढले नसेल तर तेच पसरून जंतूंना अटकाव करते. या चाचणीत तसेच झाले असेल असे मी म्हणत नाही. तसे झाले नाही हे दाखवण्यासाठी नुसत्या आम्लाची एक चकती शेजारी ठेवायला हवी होती, आणि ती छायाचित्रात नाही.

चाचणी चोवीस तासांची आहे. जंतू प्रयोगशाळेत ठेवणीतले आहेत. आमच्या जिल्ह्यातल्या जखमांतून वाढणारे, मेथिसिलिन या प्रतिजैविकाला न जुमानणारे जंतू त्यांत नाहीत, चिकट थरावरची चाचणीही नाही, आणि चौथ्या किंवा दहाव्या दिवशी लेपाचे काय होते याविषयी एक ओळही नाही. कायटोसानचे किती टक्के अ‍ॅसिटिल गट काढले आहेत आणि साखळीची सरासरी लांबी किती आहे, या दोन आकड्यांवर त्याचा जंतुरोधक गुण बराचसा अवलंबून असतो. तेही पत्रकात नाहीत. मी कंपनीला पत्र लिहून हे सर्व विचारले. उत्तरादाखल तेच रंगीत पत्रक पुन्हा आले. रुग्णाच्या हाडात कायमची ठेवायची वस्तू विकणाऱ्याने डॉक्टरच्या साध्या प्रश्नाला असे उत्तर द्यावे, याचे मला वाईट वाटले आणि रागही आला.

नैसर्गिक घटक हाडाच्या सांगाड्यात घालणे मुळातच अवघड का आहे, हेही येथे सांगितले पाहिजे. कॅल्शियम फॉस्फेटचे दाणे हजार अंशांहून अधिक तापमानाला भाजून पक्के करतात. त्या भट्टीत कोणताही वनस्पतिजन्य किंवा प्राणिजन्य पदार्थ टिकणार नाही, म्हणून तो भाजणीनंतर वरून लेपावा किंवा छिद्रांत मुरवावा लागतो. आणि वरून लावलेला पदार्थ पहिल्या काही तासांत भराभर सुटून जातो व पुढे मात्रा अपुरी पडते, हा या क्षेत्रातला जुना प्रश्न आहे. त्यानंतर निर्जंतुकीकरण येते. ऑटोक्लेव्हची १२१ अंशांची वाफ अशा लेपाला मानवत नाही. गॅमा किरणांची नेहमीची मात्रा २५ किलोग्रे असते आणि तिने कायटोसानच्या साखळ्या तुटतात. म्हणजे प्रयोगशाळेत तपासलेला लेप आणि बाटलीतून आमच्या हाती येणारा लेप हे रासायनिकदृष्ट्या एकच असतील असे गृहीत धरता येत नाही. चाचणी निर्जंतुकीकरणानंतरच्या मालावर केली की आधीच्या, हा माझ्या पत्रातला पहिलाच प्रश्न होता.

एका तरुण रुग्णाच्या वडिलांना मी भरणीविषयी समजावून सांगत होतो, तेव्हा ‘नैसर्गिक’ हा शब्द ऐकताच ते म्हणाले, “मंग हळदच भरा ना साहेब. जावयाच्या वावरातली वायगावची हळद आनून देतो, बाटलीले एवढे पैसे कायले?” प्रश्न मनापासून विचारलेला होता आणि त्याला उत्तर द्यायलाच हवे होते. वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यातील वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि तिच्यातील करक्युमिनचे प्रमाण सहा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे इतर अनेक वाणांपेक्षा जास्त, असल्याचा तिचा लौकिक आहे. जखमेवर हळद लावण्याचे ज्ञान आपलेच आहे, हे अमेरिकेच्या पेटंट कार्यालयालाही मान्य करावे लागले : मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला १९९५ मध्ये दिलेले पेटंट डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना सीएसआयआरने, म्हणजे भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, घेतलेल्या हरकतीनंतर १९९७ मध्ये रद्द झाले. हे सगळे मी त्यांना सांगितले, आणि मग हेही सांगितले की मातीत वाढलेल्या कंदाची घरी दळलेली पूड जंतुविरहित नसते, तिच्यात जंतूंचे बीजाणू असू शकतात, आणि कातडीवरची जखम व हाडाच्या आतली बंद पोकळी या दोन अगदी वेगळ्या जागा आहेत.

शुद्ध करक्युमिनचेही प्रश्न आहेत. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, आणि शरीराच्या सामूला व तापमानाला साध्या द्रावणात अर्ध्या तासात त्याचा सुमारे नव्वद टक्के भाग विघटित होतो. ते स्वतः गर्द पिवळे असल्यामुळे रंगावर आधारलेल्या चाचण्यांत फसवे आकडे देते, आणि त्यामुळे कागदावर त्याचे गुण प्रत्यक्षाहून मोठे दिसू शकतात. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातील प्रा. सुश्मिता बोस यांच्या गटाने करक्युमिनला मेदाच्या सूक्ष्म पिशव्यांत बंद करून ते त्रिमितीय छपाईच्या कॅल्शियम फॉस्फेटच्या सांगाड्यांत भरण्याचे काम केले आहे. हे काम गंभीर आहे आणि त्यातून पुढे काही चांगले हाती येईल अशी मला आशा वाटते. परंतु ते प्रयोगशाळेतले काम आहे, आणि त्याच्या जोरावर आज तालुक्याच्या रुग्णालयात कोणी ‘हळदयुक्त’ भरणी विकू लागला तर त्याच्याकडे रुग्णांवरील निष्कर्ष मागितलेच पाहिजेत. लसणातील अ‍ॅलिसिन, लवंगेतील युजेनॉल आणि मध यांच्याबाबतही माझे म्हणणे हेच आहे. युजेनॉल दंतवैद्यकात पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे, पण जी मात्रा जंतू मारते तिच्या जवळपासची मात्रा पेशींनाही इजा करते, आणि हाड घडवणाऱ्या पेशी मेल्या तर भरणीचा उपयोग काय?

संसर्ग झालेल्या पोकळीसाठी आमच्या हाती आधीपासून काय आहे, याच्याशी तुलना केल्याशिवाय हे परीक्षण न्याय्य होणार नाही. क्षयाने पोखरलेल्या हाडातील पोकळी प्लास्टर ऑफ पॅरिसने भरण्याचा प्रयोग जर्मनीत ड्रीसमान यांनी १८९२ मध्येच नोंदवला होता. आज त्याच कॅल्शियम सल्फेटचे शुद्ध रूप व्हॅन्कोमायसिन किंवा जेंटामायसिन या प्रतिजैविकाबरोबर कालवून शस्त्रक्रियेच्या टेबलावरच मणी वळता येतात. औषध कोणते आणि किती घातले हे आपल्याला माहीत असते, ते काही आठवडे जागेवर सुटत राहते, आणि मणी विरघळून जात असल्याने ते काढण्यासाठी दुसरी शस्त्रक्रिया लागत नाही. विरघळताना काही रुग्णांच्या जखमेतून पाण्यासारखा स्राव येतो, त्याची नातेवाइकांना आधी कल्पना द्यावी लागते. दुसरा पर्याय फिनलंडमध्ये विकसित झालेल्या एस५३पी४ या जैवसक्रिय काचेचा आहे. ती प्रतिजैविकाशिवाय, केवळ भोवतालचा सामू आणि क्षारांची तीव्रता वाढवून जंतूंना जगू देत नाही, आणि हाडाच्या जुनाट संसर्गात तिचा रुग्णांवर वापर होऊन त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झालेले आहेत. काच ‘नैसर्गिक’ नाही म्हणून कोणाला ती कमी आकर्षक वाटत असेल, तर त्याने पुरावा कोणत्या बाजूला आहे ते पाहावे. आणि या सगळ्यांच्या आधी, मेलेले हाड पूर्ण काढून टाकणे, जखम पुन्हा पुन्हा धुणे आणि कमरेच्या हाडातून रुग्णाचेच हाड घेऊन भरणे हे आहेच. त्याला बाटलीचे पैसे लागत नाहीत.

पैशांचा मुद्दा आमच्याकडे गौण नाही. पाच सीसीच्या एका बाटलीला एक क्विंटल कापसाच्या पैशांहून अधिक रक्कम मोजावी लागते, आणि लेप नसलेल्या, त्याच घडणीच्या दाण्यांपेक्षा ही बाटली बरीच महाग आहे. हाताळणी सोपी होते एवढ्यासाठी हा फरक मी काही ठराविक ठिकाणी मान्य करतो : गुडघ्याच्या सांध्याचा खालचा भाग खचलेला असताना तो उचलल्यावर खाली राहणारी पोकळी, टाचेच्या हाडाचा चुरा, साधी अस्थिगाठ खरवडल्यानंतरची जागा. या स्वच्छ, बंद जखमांत मोजक्या रुग्णांवर मी हे दाणे वापरले. त्यांच्या एक्स-रेमध्ये तिसऱ्या महिन्यापर्यंत दाण्यांच्या कडा धूसर होऊन आजूबाजूच्या हाडात मिसळू लागल्या आणि कोणाच्याही जखमेत बिघाड झाला नाही. मात्र स्वच्छ जखमेत बिघाड न होणे हे लेपाचे श्रेय नव्हे, साध्या दाण्यांनीही तेथे तेच झाले असते. पू झालेल्या किंवा माती गेलेल्या उघड्या अस्थिभंगात मी हे उत्पादन वापरलेले नाही आणि आजच्या पुराव्यावर वापरणार नाही. लेपाच्या भरवशावर हाड खरवडण्यात किंवा प्रतिजैविकांत हात आखडता घेतला जाईल, ही माझी खरी काळजी आहे, आणि पत्रकातील भाषा त्या दिशेनेच ढकलणारी आहे.

रुग्णाला काय सांगावे, याकडे बहुतेक परीक्षणांत दुर्लक्ष होते. कायटोसान कोळंबीच्या कवचापासून बनते. आमच्या भागात माळकरी कुटुंबे आहेत, महानुभाव पंथाची कुटुंबे आहेत, ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मांसाहार नाही. त्यांच्या हाडात प्राणिजन्य पदार्थ ठेवण्यापूर्वी तसे स्पष्ट सांगून संमती घेणे हे डॉक्टरचे कर्तव्य आहे. संमतीपत्रात ‘नैसर्गिक घटक’ एवढेच लिहून भागत नाही. मी सांगितल्यावर काहींनी साधे दाणे निवडले, काहींनी “औषध म्हणून चालते” म्हणून होकार दिला, आणि दोन्ही उत्तरे त्यांच्या जागी योग्य होती. कोळंबी-खेकड्याची अ‍ॅलर्जी मुख्यतः त्यांच्या मांसातील प्रथिनांमुळे होते आणि शुद्ध कायटोसानात ती प्रथिने नसावीत, तरीही शस्त्रक्रियेपूर्वी हा प्रश्न विचारलाच पाहिजे. या बाटलीच्या बाहेरील खोक्यावर घटकाचा उगम छापलेला नाही, तो आतल्या पत्रकात बारीक अक्षरात आहे. उत्पादकाने ही गोष्ट ताबडतोब सुधारावी.

साठवणुकीबाबत लेबलावर तीस अंशांखाली ठेवण्याची सूचना आहे. चंद्रपूर, अकोला, यवतमाळकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि नागपुराहून येणारे पार्सल ट्रॅव्हल्सच्या टपावर किंवा डिकीत अर्धा दिवस तापते, तेव्हा त्या सूचनेचा अर्थ काय उरतो हे वितरकाने सांगायला हवे. साध्या भाजलेल्या दाण्यांना उन्हाने काही होत नाही. लेपाचे तसे नाही. उन्हाळ्यात मी या बाटल्या मागवत नाही आणि पावसाळ्यापर्यंत पुरेल एवढा साठा फेब्रुवारीतच घेऊन वातानुकूलित शस्त्रक्रियागृहाच्या कपाटात ठेवतो.

ज्या नातेवाइकांच्या बिलात अशी बाटली लागली असेल त्यांनी एक गोष्ट आवर्जून करावी. प्रत्येक बाटलीसोबत उत्पादन क्रमांक, मुदत आणि परवाना क्रमांक असलेले चिकटणारे लेबल येते. २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांनुसार अधिक जोखमीच्या, म्हणजे क आणि ड वर्गातील साधनांचा परवाना केंद्रीय यंत्रणा देते. ते लेबल सुट्टीच्या कार्डावर चिकटवून मागावे आणि कार्ड एक्स-रेच्या पाकिटात जपून ठेवावे, कारण पुढे कधी त्या पायाची पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली, तर हाडात काय भरले आहे हे त्या डॉक्टरला त्याच कागदावरून कळणार आहे.